५५-२५० लेन्सवर चतुर (ड्रॅगनफ्लाय) जवळून कसे टिपावेत? (सिरपूर तलाव, इंदूर)

तलावपाळ_इंदूर
नमस्कार मंडळी. क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि ५५-२५० मिमी लेन्स आहे. सिरपूरच्या पाळेवर सकाळी नऊच्या सुमारास डिच ज्वेल आणि रडी मार्श स्किमर या जातींचे चतुर भरपूर असतात. पण मीटरभरापेक्षा जवळ गेलं की लेन्स फोकस घेत नाही, दोन पावलं टाकली की चतुर उडतो, आणि बसून राहिलाच तर डोळा स्पष्ट, शेपटी धूसर. सेटिंग छिद्र एफ/५.६, शटर १/२५०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००. मॅक्रो (अगदी जवळून मोठी प्रतिमा देणारी) लेन्स घ्यावीच लागेल का? पकडून किंवा फ्रीजमध्ये गार करून फोटो काढायचे नाहीत. जिथे बसतो तिथेच हवेत.

भिंगवाला
मॅक्रो लेन्स आत्ता नको. डिच ज्वेल जेमतेम तीन सेंमीचा आणि तुमचा सेन्सर २२-२३ मिमी रुंद. अख्खा चतुर चौकटीत बसवायला ०.५ पट, म्हणजे सेन्सरवर प्रत्यक्षाच्या निम्मी प्रतिमा, पुरे. १:१ म्हणजे प्रत्यक्षाएवढी लागते ते नुसत्या चेहऱ्याला.

लेन्सच्या तोंडाशी आट्यांवर बसणारं +२ डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचं माप) चं क्लोजअप भिंग घ्या. आट्यांचं माप लेन्सच्या पुढच्या कडेवर, रेघ मारलेल्या गोलाच्या चिन्हाशेजारी मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. भिंग लावलं आणि फोकस अनंतावर ठेवला की भिंगापासून ५० सेंमीवरची वस्तू स्पष्ट दिसते. २५० मिमीला प्रतिमा मिळते २५० भागिले ५००, म्हणजे ०.५ पट. हवी तेवढीच.

दोन काचा जोडलेलं अ‍ॅक्रोमॅट घ्या. एका काचेच्या स्वस्त भिंगात पंखांच्या शिरांना जांभळी-हिरवी किनार येते, ती नंतर काढत बसावी लागते. रेनॉक्स १५० हे क्लोजअप भिंग +४.८ चं आहे, काच उत्तम, पण अंतर उरतं २० सेंमीच्या आसपास. जागा चतुर इतक्या जवळ क्वचितच येऊ देतो. एक्स्टेन्शन ट्यूबवर (कॅमेरा आणि लेन्समध्ये बसणाऱ्या पोकळ नळीवर) पैसे घालू नका. २५ मिमीची ट्यूब २५० ला लावून भर पडते ती फक्त ०.१ पटीची.

टाचणी_आणि_चतुर
शेपटी म्हणता ते खरं तर पोट. ते धूसर येतं ते कोनामुळे. ०.५ पटीला एफ/५.६ वर सव्वा मिलिमीटरचा थर स्पष्ट येतो, एफ/११ वर अडीच. दोन सेंमीचं पोट १५ अंश जरी तिरपं असलं तरी टोक पाच मिलिमीटर मागे जातं. म्हणून कॅमेऱ्याची पाठ चतुराच्या अंगाला समांतर हवी. अगदी बाजूने घ्या: डोळा आणि पोटाचं टोक एका पातळीत येतात, तुमच्याकडचा पंख थोडा धूसर होतो, तो होऊ द्या. एफ/१६ च्या पुढे गेलात तर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो त्यामुळे) शिरांची धारच बोथट होते.

उडाला तर मागे धावू नका. हे दोन्ही काडीवर बसून शिकार करणारे, बहुतेक वेळा त्याच काडीवर परततात. काडीपासून मीटरभरावर खाली बसा, कॅमेरा आधीच डोळ्याला लावा आणि मग इंचाइंचाने सरका. उभ्याने हात वर नेणं त्याला सगळ्यात आधी दिसतं. सूर्य कुठे आहे ते बघून जा, तुमची सावली त्याच्यावर पडली की संपलं. गुडघा गवताला लागला तरी काडी हलते.

त्याच्या पंखांकडे लक्ष ठेवा. पुढे आणि खाली झुकवलेले असले तर तो निवांत आहे, तेव्हा सरका. आडवे ताणून डोकं झटझट फिरवू लागला की थांबा.

नऊ म्हणजे उशीर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उजाडतानाच पोचा. अंगावर दव असतं, स्नायू गार असतात, ऊन लागेपर्यंत त्याला नीट उडताच येत नाही.

तलावपाळ_इंदूर
फार उपयोगी, आभार. पण पहाटे एफ/११ ला उजेड कसा पुरणार? फ्लॅश लावावा का?

भिंगवाला
एफ/५.६ वरून एफ/११ म्हणजे दोन स्टॉप, उजेड चौथा हिस्सा उरतो, तेव्हा नऊच्या उन्हात १/२५० ला आयएसओ १६०० चालेल. पहाटे वारा नसेल तर मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) १/६० पर्यंत उतरा.

फ्लॅश वापरलात तर त्याची ताकद −१ ते −२ स्टॉपवर कमी करून, नुसता सावल्यांना भराव म्हणून, आणि शटर १/२०० च्या आत. पुढे पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचा बटर पेपर हवाच. उघड्या फ्लॅशने डोळ्यावर पांढरा ठिपका पडतो आणि नेमकी तिथली जाळी दिसेनाशी होते. फोकस मॅन्युअल ठेवून अंग हलकं मागे-पुढे झुलवा, डोळा धारदार झाला की पाच-सहा फोटोंची लड.

पाणवठा
मध्ये येणारं गवत तोडू नका. कपडे वाळत घालायचा चिमटा लावून बाजूला करा, निघताना सोडा. पंख काचेसारखे चकाकत असतील आणि अंग फिकट असेल तर तो नुकताच कात टाकून बाहेर आलेला. त्याची काडी हलवायची नाही, ओले पंख दुमडले तर कायमचे वाकडे राहतात. सिरपूर २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. पाळेवरूनच काम करा, पाणगवतात पक्ष्यांची घरटी असतात.

घरी सराव करायचा असेल तर ग्रॅनाइट घोस्ट हा चतुर शोधा. राखाडी, ठिपकेदार, सिमेंटच्या भिंतीला चिकटून बसतो आणि टाक्यांतल्या पाण्यात अंडी घालतो. पंख भिंतीवर सपाट पसरलेले असतात, त्यामुळे कॅमेरा भिंतीला समांतर धरला की एफ/८ लाही सगळा चतुर जवळजवळ एका पातळीत मिळतो.