ढोलाच्या ठोक्याला गायकाचा आवाज फाटतो, कंडेन्सर वाढवू का?

मिरजेचा_पोरगा:
५२००-१९४३ ट्रान्झिस्टरचा स्टिरिओ अँप्लिफायर बोर्ड, ट्रान्सफॉर्मर २४-०-२४, ५ अँपिअर. सप्लायला प्लस-मायनस दोन्हीकडे एकेक ४७०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. स्पीकर ४ ओहमचे. आवाज निम्म्यावर असेपर्यंत झकास. वर नेला की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला गायकसुद्धा खरखरतो. दुकानदार म्हणतो, १०,०००चे आठ टाक, बास दुप्पट होईल. टाकू का?

बासप्रेमी:
टाक बिनधास्त. कंडेन्सर कधी जास्त होत नाहीत.

रिपेअरवाले_काका:
होतात की! आठ लावून बटण दाबलंस की पहिल्या झटक्यात फ्यूज जाऊ शकतो, नाहीतर ब्रिज, म्हणजे एसीचा डीसी करणारे डायोड.

हे बघ पोरा, आपली लाईन ५० हर्ट्झची, म्हणजे ब्रिजनंतर दर १० मिलिसेकंदांनी कंडेन्सर भरतो. मधले साधारण ८ मिलिसेकंद बोर्ड त्याच्यावरच जगतो. तेवढ्या वेळात ४ अँपिअर ओढले, तर ४७०० वर जवळजवळ ७ व्होल्ट उतरतात. १०,००० वर ३ च्या थोडे वर, २०,००० वर दीडेक. पहिल्या उडीत साडेतीन व्होल्ट वाचले, दुसरीत दीड. पुढे नुसता खर्च.

आणि साठा किती, यावर जाऊ नकोस. ३३ व्होल्टवर १०,००० मायक्रोफॅरडमध्ये साडेपाच ज्यूल असतात खरे, पण रेल, म्हणजे बोर्डाला जाणारा प्लस किंवा मायनस सप्लाय, ३१ वर येईपर्यंत त्यातलं पाऊण ज्यूलसुद्धा हाताला लागत नाही.

हलक्या आवाजात फरक का कळत नाही? फीडबॅकवाला, म्हणजे स्वतःची चूक स्वतःच सुधारणारा बोर्ड रिपल, म्हणजे सप्लायमधला चढउतार, गिळतो. पण आउटपुटचा माथा रेलला टेकला की संपलं: १०० हर्ट्झची लाट सरळ आवाजात उतरते. ठोका ढोलाचा, मार गायकाला.

आधी मोज. मोबाईलवरून ४० हर्ट्झचा टोन, आवाज फाटायच्या जरा खाली. प्लस रेलवर मीटरने डीसी बघ. मग १ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कंडेन्सर मीटरच्या सिरीजमध्ये धरून त्याच जागी एसी बघ. दोन-चार सेकंदांत उरक, स्पीकरची व्हॉइस कॉइल तापते.

मिरजेचा_पोरगा:
काका, मोजलं. शांत असताना ३५.२. टोनवर २९ डीसी, १.३ एसी. घरची लाईन तेव्हाही २३० च होती.

रिपेअरवाले_काका:
१.३ एसी म्हणजे रिपल वरपासून खालपर्यंत साडेचारच्या आसपास. ३५.२ वरून २९, म्हणजे एकूण सहाच्या वर उतरले; त्यात रिपलचे निम्मे, सव्वादोन, कंडेन्सरच्या नावावर. उरलेले चार ट्रान्सफॉर्मर खातोय. ५ अँपिअर एसीच्या ट्रान्सफॉर्मरमधून सतत घ्यायचे तर डीसी ३ अँपिअरच मिळतात, आणि तुझे दोन चॅनेल ४ ओहमवर त्याहून जास्त मागतात. वजन करून बघ. दोन किलोच्या आत भरला तर ५ अँपिअर फक्त स्टिकरवर.

प्लस-मायनस दोन्हीकडे १०,००० चा एकेक टाक, ६३ व्होल्टचा. ३५ चा अजिबात नको, रात्री लाईन २५० ला जाते. दोन्ही रेलवर २.२ के, २ वॅटचा ब्लीडर, म्हणजे बंद केल्यावर कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टर. पहिल्यांदा चालू करताना लाईनला सिरीज बल्ब लाव, म्हणजे करंट आवरेल.

उरलेल्या सहांचे पैसे ८ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरला ठेव. व्होल्ट तेच, २४-०-२४. दुकानदार ३०-०-३० गळ्यात मारेल, घेऊ नकोस; ४ ओहमवर चॅनेलला एकच ट्रान्झिस्टर-जोडी असलेला बोर्ड जळेल.

बासप्रेमी:
काका, माझ्याकडे दर रेलला ४०,००० आहेत आणि ब्रिज चटका बसेल इतका तापतो. हेच कारण का?

रिपेअरवाले_काका:
हो. एवढे कंडेन्सर भरायला दर वेळी छोटा पण मोठ्या करंटचा झटका लागतो. ब्रिज ३५ अँपिअरचा, पत्र्याच्या बॉडीचा घे आणि कॅबिनेटला पेस्ट लावून कस.