मदत हवी आहे : साठ्याचा ताजा आकडा शाखांतही लगेच दिसावा, पण लाइन तुंबू नये

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे यंत्रांच्या सुट्या भागांचे गोदाम असून निपाणी आणि खानापूर येथे विक्रीची दुकाने आहेत. मालाचा शोध अपाची सोलर या शोधाच्या सॉफ्टवेअरवर चालतो. मूळ इंडेक्स (शोधाची सूची) ठेवणारा लीडर सर्व्हर गोदामात आणि दोन्ही दुकानांत त्याची नक्कल ठेवणारा एकेक फॉलोअर आहे. खानापूरची नेटवर्कची लाइन पावसाळ्यात वरचेवर जाते, त्यामुळे तिथे स्थानिक प्रत असणे भागच आहे.

गोदामात सॉफ्ट कमिट (बदल डिस्कवर पक्के न करताच शोधात दिसू देणे) दर 2 सेकंदांनी होत असल्याने बेअरिंगची पेटी बाहेर पडली की उरलेला आकडा लगेच दिसतो. परंतु सॉफ्ट कमिटचे बदल फॉलोअरकडे जात नाहीत; हार्ड कमिट होऊन सेगमेंट (इंडेक्सचे तुकडे) डिस्कवर पक्के झाल्यावरच रेप्लिकेशन (नक्कल करण्याची प्रक्रिया) ते उचलते. हार्ड कमिट आणि ‘नवे काही आहे का’ ही फॉलोअरची विचारणा, दोन्ही 5 मिनिटांवर असल्याने निपाणीच्या काउंटरवर संपलेला माल शिल्लक दिसतो आणि गिऱ्हाईक पैसे काढू लागल्यावर गोदामातून नकार येतो.

ही अंतरे 15 सेकंदांवर आणली, तेव्हा निराळेच दुखणे उभे राहिले. लहान सेगमेंट सतत एकत्र होऊन मोठे बनत असतात. पूर्वी त्यातले बरेच मधले टप्पे नक्कल होण्याआधीच गळून जात, आता मात्र ते लाइनवरून जातात, आणि त्यांतील बहुतेक मजकूर दुकानात आधीच पोचलेला असला तरी फाइल नवी म्हणून ती पूर्ण उतरवावी लागते. शिवाय दर नकलेनंतर नवा सर्चर (इंडेक्स वाचून शोध घेणारा भाग) उघडून कॅश (हाताशी साठवलेले निकाल) पुन्हा भरावी लागते, तोवर शोध रखडतात. सोलरक्लाउडमध्ये (सोलर अनेक सर्व्हरवर एकत्र चालवण्याची पद्धत) जाणे हा यावर उपाय ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

तुटक लाइनवर सोलरक्लाउड नको, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील एनआरटी (जवळजवळ तत्काळ अद्ययावत होणाऱ्या) प्रतींकडे सेगमेंटऐवजी नोंदी जातात, त्यामुळे वेग मिळेल. पण लाइन तुटली की ती प्रत रिकव्हरीत (राहिलेले बदल भरून काढण्यात) जाते आणि फार मागे पडली असेल तर संपूर्ण इंडेक्स पुन्हा ओढते. ‘पुल’ या दुसऱ्या प्रकारच्या प्रती तर सेगमेंटच उतरवतात, म्हणजे आपली अडचण जिथल्या तिथे.

मुळात दर विक्रीला बदलणारा आकडा इंडेक्समध्ये ठेवूच नये. शोधाने भागाचा क्रमांक, नाव आणि वर्णन द्यावे. शिल्लक मात्र निकाल दाखवताना गोदामाच्या डेटाबेसमधून घ्यावी. एका पानावरच्या भागांचे आकडे मागवायला बारीक लाइनही पुरते आणि रेप्लिकेशनला 5 मिनिटे निवांत चालतात. लाइन बंद असेल तेव्हा शेवटचा आकडा वेळेसह दाखवावा, म्हणजे काउंटरवरचा माणूस फोन करून खात्री करील. रात्री ऑप्टिमाइझ (सगळे सेगमेंट एकत्र करणे) लावले असल्यास तेही काढा, कारण त्यानंतर जवळपास सगळा इंडेक्स नव्याने खानापूरला पाठवावा लागतो.