कम्युनिटी कॉलेजच्या मुलांनी उन्हाळ्यात संशोधनाला जावं का?

प्राजक्ताचा सडा
मुलगी इथे कॅलिफोर्नियाच्या बे एरियात कम्युनिटी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात: हे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, इथून तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेता येते. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जातात ना, त्यातलाच प्रकार. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत, आणि राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला (म्हणजे श्रेयांकाला) ४६ डॉलर फी पडते.

मागच्या उन्हाळ्यात ती दहा आठवडे एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये होती. नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकन सरकारी संस्थेच्या पैशावर चालणारा 'आरईयू', पदवीच्या मुलांसाठीचा संशोधन कार्यक्रम. पहिला आठवडाभर तिने काय केलं? रंगीत पाणी मायक्रोपिपेटने (थेंबाहून कमी द्रव मोजून सोडायचं उपकरण) ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये सोडलं. अंगठा पहिल्या थांब्यापर्यंत दाबून पाणी ओढायचं, सोडताना दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचं. संध्याकाळी फोनवर रडवेली. चौथ्या आठवड्यात तिचं जेल (ज्या थरात डीएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे दिसतात) कोरं आलं, एक पट्टी दिसेना. दोन दिवस वही उलटीपालटी केल्यावर सापडलं, एन्झाइम घालायचंच राहिलं होतं. ते तिने स्वतः शोधलं, कोणी सांगितलं नाही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे तिथे अशी चूक शोधायची वेळच येत नाही.

माझं ठाम मत: सायन्सच्या प्रत्येक मुलाने एक उन्हाळा असा घालवावा.

खडीसाखर
तुमच्या लेकीचं कौतुक आहेच, पण 'प्रत्येक मुलाने' हे पटत नाही. माझा मुलगा अशाच कॉलेजात शिकतो आणि बर्गरच्या दुकानात काम करतो. एप्रिल २०२४ पासून इथे मोठ्या फास्ट फूड साखळ्यांमध्ये तासाला किमान २० डॉलर मिळतात. उन्हाळ्यात ४० तास मिळाले तर आठवड्याचे ८००. तुमच्या कार्यक्रमात विद्यावेतन आठवड्याला सहाशे-सातशे. यांची नोकरी गेल्यापासून त्याच्या पगारातून आमचं वाणसामान येतं. शिवाय दहा आठवड्यांनी परतल्यावर शिफ्ट पुन्हा मिळेल याची खात्री काय? कॅल्क्युलसचा राहिलेला कोर्स उन्हाळ्यात झाला नाही तर ट्रान्सफरच एक वर्ष लांबते.

सह्यकडा
पैशाच्या आधीचा अडसर कोणी बोलतच नाहीये. आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. आरईयूला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले लागतात. ऊर्जा खात्याची 'सीसीआय' इंटर्नशिप तर खास कम्युनिटी कॉलेजच्या मुलांसाठी आहे, बर्कली, ब्रूकहेवनसारख्या राष्ट्रीय प्रयोगशाळांत दहा आठवडे. अट तीच. आठवीपासून इथे वाढलेली मुलगी, सगळे निकष पूर्ण, आणि अर्जाच्या पहिल्याच प्रश्नावर थांबली. त्या रात्री ती जेवली नाही. एकवीस पूर्ण झाली की एच-४ही संपणार. 'प्रत्येक मुलाने' म्हणताना आमची मुलंही मोजा.

प्राजक्ताचा सडा
सह्यकडा, खरं आहे, मी मोजली नव्हती. आमच्याच कॉलेजातल्या एका एच-४ मुलाला प्राध्यापिकेने उन्हाळ्यात श्रेयांकाचा स्वतंत्र अभ्यास करू दिला, पगार नाही, पण प्रयोग स्वतःचा. तुमच्या मुलीनेही आपल्या कॉलेजात तसं विचारून पाहावं.

खडीसाखर, ४० तास सलग मिळतात का? आमच्या ओळखीतल्या मुलांना दुकानं पंचवीस-तीसच्या वर देत नाहीत. आणि बऱ्याच आरईयूंमध्ये राहण्याचा, प्रवासाचा खर्च वेगळा देतात.

बोरीबाभळी
मी सांगली जिल्ह्यातल्या पॉलिटेक्निकात शिकवतो. आमच्याकडे विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम आहे. पण सगळा रोख पदवीच्या आणि त्यापुढच्या मुलांवर. लेथवर ज्याचा हात बसलेला, तो डिप्लोमाचा मुलगा कुठल्या प्रयोगशाळेत शिरणार? तुमच्याकडे निदान दार आहे. त्याच्याबद्दल भांडता येतं, हेही मोठं वाटतं मला.

कडूलिंब
दार आहे, पण तारखा बघा. डी अँझा, फूटहिल ही क्वार्टरवाली (सेमिस्टरऐवजी छोट्या सत्रांची) कॉलेजं जूनच्या अखेरीस सुटतात, आणि बरेच कार्यक्रम मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीलाच सुरू होतात. अर्ज बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत बंद. शिफारसपत्रं दोन. आपली मुलं ज्यांच्याकडे शिकतात त्यातले निम्मे मास्तर दोन-तीन कॉलेजांत तासिकेवर, वर्ग संपला की गाडीत. ते पत्र कसं लिहिणार? सप्टेंबरपासून ऑफिस अवरला, म्हणजे मास्तरांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला, जाऊन बसणारा मुलगाच त्यांच्या लक्षात राहतो. मी संशोधनाच्या बाजूने आहे, पण ही तयारी घरात कोणी सांगत नाही आणि मग मुलं 'आपल्याला जमत नाही' म्हणून मोकळी होतात.

खडीसाखर
प्राजक्ता, तासांचं तुमचं बरोबर, गेल्या महिन्यात त्याला २८च मिळाले. तरीही ते दर आठवड्याला हातात येतात. माझं म्हणणं बदललेलं नाही: ज्या घरात पोराचा पगार लागतो तिथे आधी पगाराचं बघायचं.

पण काल त्याला जेलची गोष्ट वाचून दाखवली. तो ताटावरून उठला आणि विचारू लागला की एन्झाइम राहिलं हे वहीतून कळलं कसं. मंगळवारी तो मॅनेजरला विचारणार आहे, दहा आठवड्यांनी परत घेतील का म्हणून. 'नाही' म्हणाले तर तो कुठे जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

प्राजक्ताचा सडा
वहीत प्रत्येक नळीपुढे खूण करायची पद्धत असते, घातलं की बरोबरची. तिसऱ्या, म्हणजे एन्झाइमच्या नळीपुढे खूण नव्हती. सांगा त्याला. मंगळवारचं काय झालं तेही लिहा.