वस्तीसाठी सार्वजनिक चार्जर मागायचाय, एक फास्ट मागावा की दहा स्लो?

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या. आमची वस्ती दाट आहे, बहुतेक जण भाडेकरू, स्वतःचं पार्किंग जवळजवळ कुणालाच नाही, गाड्या रात्री गल्लीत नाहीतर मैदानाच्या कडेला लागतात. तरी इलेक्ट्रिक स्कूटर आणि तीनचाकी वाढत चालल्यात कारण दिवसभर गाडी चालवून पोट भरणाऱ्याला पेट्रोल परवडत नाही. चार्जिंगचं म्हणाल तर कोण दुकानात लावतो, कोण मित्राकडे, कोण दुसऱ्या मजल्यावरून खिडकीतून एक्स्टेंशन सोडतो. सगळ्यात जवळचा सार्वजनिक चार्जर एका मॉलच्या बेसमेंटमध्ये आहे. मी एकदा चारचाकी घेऊन गेलो तर तिथं मोबाईलला रेंज नाही आणि ॲपशिवाय तो सुरूच होत नाही. वर येऊन ॲप चालू करायचं, खाली पळत जायचं, तोवर सेशन टाइमआउट. तीनदा केलं आणि परत आलो.

आता पालिकेच्या लोकांशी एक बैठक ठरलीय. त्यांचं म्हणणं की एक मोठा फास्ट चार्जर मुख्य रस्त्याला बसवू, उद्घाटन करू. आमच्यातले काही खूश आहेत, मला मात्र कुठंतरी खटकतंय पण नेमकं काय ते मांडता येत नाही. कुणी हे काम जवळून बघितलंय का?

जुना_वायरमन:
तुम्हाला खटकतंय ते बरोबर खटकतंय. सव्वीस वर्षं लाइनवर काम केलंय, मांडून सांगतो.

आधी त्या खिडकीतल्या वायरचं बोलू. लोक म्हणतात इस्त्री चालते त्या सॉकेटवर, गाडी का नाही चालणार. अहो इस्त्रीचा थर्मोस्टॅट मिनिटामिनिटाला टक करून बंद होतो, सॉकेटला श्वास मिळतो. गाडी चार चार पाच पाच तास एकसारखा करंट ओढते. एक सॉकेट उघडलं होतं मी, बाहेरून पांढरंशुभ्र, आत फेजची पट्टी काळीठिक्कर आणि प्लास्टिक मेणासारखं वितळून पिनेला चिकटलेलं, प्लग ओढला तर अर्धं सॉकेट हातात आलं. त्या घरात खाली लहान मुलं झोपायची. म्हणून आधी हे डोक्यात ठेवा की चार्जर नाही म्हणून लोक चार्जिंग करायचे थांबत नाहीत, ते असंच कुठूनतरी करतात.

आता फास्ट की स्लो. गाडी एक किलोमीटरला साधारण दीडशे वॅट-अवर खाते असं धरा (मोठी असेल तर जास्त). रोज ४० किलोमीटर चालवली तर ६ युनिट (म्हणजे ६००० वॅट-अवर) झाले. दहा गाड्यांना ६० युनिट. थ्री फेजवर ३२ अँपिअरची एक लाइन घेतली तर २२ किलोवॅट मिळतात, म्हणजे दहाच्या दहा गाड्यांची रोजची भूक हिशेबाने तीन तासांत भागते, आणि रात्र आठ-नऊ तासांची असते! फक्त लोड वाटून देणारी यंत्रणा पाहिजे, म्हणजे दोन गाड्या असल्या तर त्यांना पूर्ण जोर, दहा असल्या तर प्रत्येकीला थोडा थोडा. हे आता नेहमीचं तंत्र आहे, काही नवल नाही. स्कूटरची बॅटरी तर बऱ्याचदा ३ युनिटच्या आसपास असते, तिला साधा १६ अँपिअरचा पॉइंट रग्गड झाला.

एका ५० किलोवॅटच्या डीसी म्हणजे फास्ट चार्जरला तुमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर पुरेलच असं नाही. नवा बसवायचा म्हटलं की जागा, खर्च, महिनोन्‌महिने वाट. शिवाय मोठ्या जोडणीवर महिन्याचा फिक्स आकार असतो, गाडी आली काय न आली काय. दिवसाला तीनच गाड्या आल्या तर तो आकार त्या तिघांच्याच बोकांडी बसतो, मग दर चढतो, मग तेही येत नाहीत. आणि गंमत म्हणजे त्या डीसीवर बऱ्याच स्कूटर आणि तीनचाकी लागतच नाहीत, प्लगच वेगळा. म्हणजे वस्तीतल्या ज्यांना गरज आहे त्यांनी तो फक्त बघायचा.

दोनचाकीवाली:
वायरमन काकांना १००% अनुमोदन. पण सरसकट स्लो स्लो नका करू प्लीज. मी डिलिव्हरी करते, दुपारी बॅटरी उतरली तर मला चार तास बसायला वेळ नाही, तेवढ्यात माझे आठ ऑर्डर जातात. आमच्यासारख्यांना बॅटरी बदलून मिळण्याची सोय हवी. तैवानमध्ये गोगोरो नावाच्या स्कूटर कंपनीने हेच केलं, कपाटासारखं मशीन, रिकामी बॅटरी आत ढकला, भरलेली उचला, निघा. त्यांनी स्कूटर आणि बॅटरी आपल्याच पद्धतीची ठेवली म्हणून जमलं हेही खरं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या एकमेकींत बसत नाहीत तोवर एका मशीनने सगळ्यांचं भागणार नाही. तरी बैठकीत विषय काढाच.

आणि हो, जागा उजेडाची पाहिजे. रात्री अकराला एकटीने मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात गाडी लावायला सांगणार असाल तर तो चार्जर माझ्यासाठी नाहीच.

शंकासुर:
मी जरा वाईटपणा घेतो. गाड्याच मोजक्या असताना पालिकेने पैसा घालायचा कशाला, तेवढ्यात बस वाढवा ना. आणि चार्जर आले की बाहेरचे लोक मोठ्या गाड्या आणून लावणार, वस्तीवाल्यांची पार्किंगची जागा जाणार वेगळीच. बघितलंय हे.

रात्रपाळी:
@शंकासुर बस तर पाहिजेच हो, त्यावर भांडण नाही. पण आमच्याकडच्या तीनचाकीवाल्याला बस देऊन काय उपयोग, त्याचा धंदाच गाडीचा आहे. जागा जाण्याचा मुद्दा मात्र पटला, ह्याला उपाय काय?

नकाशेवाला:
उपाय आहेत. मी शहर नियोजनात काम करतो, जेवढं माहीत आहे तेवढं लिहितो, विस्कळीत होईल.

जागा ठरवण्याचं म्हणाल तर ॲम्स्टरडॅमची पद्धत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. ज्याच्याकडे स्वतःची पार्किंग नाही असा रहिवासी अर्ज करतो, चालण्याच्या अंतरावर पुरेशी सोय नसेल तर तिथं पॉइंट बसवतात, आणि तो एकट्याचा नसतो, सगळ्यांचा असतो. म्हणजे चार्जर मागणीच्या मागे जातो. धोका एवढाच की अर्ज कोण करतो? ज्याला अर्ज करायची सवय आहे तो. म्हणून तुमच्यासारख्या वस्तीत कुणीतरी दारोदार फिरून ते अर्ज भरून घ्यावे लागतात, नाहीतर "मागणीच नाही" असा शेरा मारून फाइल बंद.

दुसरं, खांब. लंडनमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांतच चार्जर बसवलेत, लॉस एंजेलिसनेही दिव्यांच्या खांबांवर लावलेत. जुने दिवे काढून एलईडी लावले की लाइनवर थोडी क्षमता मोकळी होते आणि नवीन खोदकाम टळतं. पण प्रत्येक खांबाला हे जमेलच असं नाही, आतली केबल किती जाडीची आणि अर्थिंग कसं आहे ते आधी वायरमन साहेबांसारख्या माणसाने उघडून बघावं लागतं.

बाहेरच्या गाड्यांसाठी लोक म्हणतात चार्ज झाल्यावर उभी राहिली तर दंड लावा. लावा, पण दिवसाच. रात्री दहा ते सकाळी सहा दंड नको, नाहीतर रात्री दोनला माणसाने झोपेतून उठून गाडी हलवायची का? फास्ट चार्जरचा नियम स्लोला तसाच चिकटवला की असला वेडेपणा होतो.

आणि पैशाचं. स्वतःचं अंगण असलेला माणूस घरच्या दराने चार्ज करतो, भाडेकरू रस्त्यावर, जास्त दराने. ब्रिटनमध्ये तर कित्येक वर्षं घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट आणि सार्वजनिक चार्जरवर २० टक्के असं चालत आलं, म्हणजे ज्याच्याकडे घर-अंगण नाही त्याच्याच खिशाला जास्त चाट. त्यामुळे बैठकीत "चार्जर किती" एवढंच विचारू नका, "रात्रीचा दर किती" हेही विचारा. ब्रिटनमध्येच चार्ज माय स्ट्रीट म्हणून एक संस्था आहे, लोकांकडून छोटे छोटे शेअर घेऊन सभागृहांच्या आणि वस्त्यांच्या आवारात चार्जर बसवते. तसं काही जमलं तर दरावर थोडा तरी वचक राहतो.

अमेरिकेचंही एक उदाहरण बघा. २०२१च्या कायद्यात चार्जिंगसाठी ७.५ अब्ज डॉलर ठेवले, त्यातले ५ अब्ज गेले मुख्यतः महामार्गांच्या कार्यक्रमाकडे, दर ५० मैलांवर १५० किलोवॅटचे चार पॉइंट असा त्याचा सुरुवातीचा साचा होता. लांबच्या प्रवासाला उत्तम, पण गल्लीत झोपणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग. तुमच्या मुख्य रस्त्याच्या फास्ट चार्जरचं मला तेच दिसतंय.

चाकखुर्ची:
इथं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. मी व्हीलचेअर वापरतो, सगळं हातानेच चालवायची चारचाकी आहे. चार्जर फुटपाथवर, गाडी रस्त्यावर, मधे सहा इंचाची कड आणि चार्जर वाचवायला लावलेले लोखंडी खांब, त्यांतून खुर्ची जात नाही. स्क्रीन उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, मला दुपारी त्यात फक्त आभाळ दिसतं. ब्रिटनमध्ये २०२२ साली पास १८९९ नावाचं मानक आलंय, त्यात स्क्रीनची उंची, कड, भोवतीची मोकळी जागा, केबल ओढायला किती जोर लागावा असलं सगळं आहे. बसवतानाच केलं तर फारसा खर्च नाही, नंतर फोडून करायचं म्हटलं की कोण करत नाही.

जुना_वायरमन:
चाकखुर्ची दादा, कबूल, आम्ही फिटिंगवाले हे बघतच नाही. चुकतंच.

आता देखभालीचं सांगतो, कारण उद्घाटनानंतर सगळे निघून जातात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात २०२२ला एका पाहणीत ६५७ फास्ट चार्जिंगचे कनेक्टर प्रत्यक्ष जाऊन तपासले, चालू निघाले ७२.५ टक्के. त्यात काही ठिकाणी तर केबल गाडीपर्यंत पोचतच नव्हती, आखूड! हा पैसेवाला भाग आहे बरं का. तुमच्याकडे बंद पडला तर तक्रार कोण ऐकणार?

म्हणून करारात लिहून घ्या: किती टक्के वेळ चालू पाहिजे, नसेल तर पैसे कापणार, आणि हे कंपनीच्या डॅशबोर्डवरून नाही तर वस्तीतल्या माणसाच्या नोंदीवरून. ब्रिटनच्या २०२३च्या नियमात रॅपिड म्हणजे फास्ट चार्जरच्या नेटवर्कला ९९ टक्के वेळ चालू राहणं आणि नव्या ८ किलोवॅट व त्यावरच्या चार्जरला कार्डने पैसे घेण्याची सोय सक्तीची केलीय, पण बारकाईने बघा, खांबावरचे छोटे स्लो त्यातून सुटतात. आपल्याला तर तेच बसवायचेत. म्हणजे नियम आपोआप मदत करणार नाही, करारातच पाहिजे. ॲपशिवाय पैसे भरता आले पाहिजेत, वॉलेटमध्ये आधी रक्कम अडकवायला लावू नये. आणि यंत्र ओसीपीपी वर (चार्जर आणि चालवणाऱ्याची यंत्रणा यांच्यातली सगळ्यांना खुली भाषा) चालणारं असावं, उद्या ठेकेदार पळाला तर दुसरा कुणी तेच यंत्र चालवू शकेल. नाहीतर डब्बा होतो त्याचा.

दोनचाकीवाली:
डब्बा नाही काका, कबुतरांचं घर. आमच्या इथल्या एकात खरंच अंडी होती 😄

रात्रपाळी:
बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. मी असं मागायचं ठरवतोय: मैदानाच्या कडेला, दिव्याखाली, एका २२ किलोवॅटच्या लाइनवर दहा पॉइंट, त्यातले चार १६ अँपिअरचे स्कूटर-तीनचाकीसाठी, दोन खुर्ची जाईल असे, आणि बॅटरी बदलायच्या कपाटासाठी जागा मोकळी ठेवायची. फास्ट त्यांना बसवायचाच असेल तर बसवू देत, पण ह्याच्या बदल्यात नाही. ते आधी विचारणार गाड्या किती, म्हणून रविवारी रात्री अकराला आम्ही चौघं वही घेऊन मोजायला निघतोय.

नकाशेवाला:
रविवार नको, मधला वार घ्या. आणि अकराला नको, तीनचाकीवाले तोवर परतलेले नसतात. एक ते तीन मध्ये मोजा, आणि खिडकीतून लोंबणाऱ्या वायरी वेगळ्या लिहा.