नऊ हजारांचा अंदाज आणि एकतीस हजारांचे बिल: गाडी सोडवावी कशी?

प्रश्न: मानेवाडाकर

नमस्कार. मागच्या आठवड्यात वर्ध्याहून परत येताना बुटीबोरीजवळ आमच्या आठ वर्षे जुन्या डिझेल गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी माझे वडील चालवत होते. त्यांचे वय ७१ आहे. मे महिन्याच्या भर दुपारी रस्त्यावर ताटकळण्यापेक्षा घर गाठावे म्हणून त्यांनी दोनदा थांबून पाणी भरले आणि गाडी कशीबशी नागपुरात मानेवाड्यापर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी जवळच्या एका गॅरेजमध्ये ती दाखवली. रेडिएटर गळतो आहे आणि वॉटर पंप गेला आहे, मजुरी धरून नऊ हजारांच्या आसपास खर्च येईल, असे मिस्त्रींनी माझ्यासमोर सांगितले. लेखी काही घेतले नाही, ही माझी चूक मला मान्य आहे.

तीन दिवसांनी मी गाडी आणायला गेले, तेव्हा हाती लिहिलेला ३१,४०० रुपयांचा कागद मिळाला. त्यात रेडिएटर ४,६००, वॉटर पंप २,९००, टायमिंग बेल्ट किट ५,८००, हेड गॅस्केट व हेड फेसिंग ६,२००, थर्मोस्टॅट व होज पाइप १,९००, ऑइल, फिल्टर व कूलंट ३,५०० आणि मजुरी ६,५०० असे आकडे आहेत. त्यावर ना गॅरेजचा शिक्का आहे ना सही. एवढे काम कोणाला विचारून केले, असे मी विचारले तर "बाबांना फोन केला होता, ते हो म्हणाले" असे उत्तर मिळाले. वडिलांना फोन आला होता हे खरे आहे. परंतु त्यांना कमी ऐकू येते आणि "इंजिन उघडावे लागेल, थोडे जास्त लागतील" एवढेच त्यांना आठवते. आकडा सांगितला नव्हता, याबद्दल ते ठाम आहेत. त्या दिवसापासून ते माझ्याशी अपराध्यासारखे बोलतात, आणि मला पैशांपेक्षा त्याचेच जास्त वाईट वाटते.

पूर्ण पैसे दिल्याशिवाय गाडी मिळणार नाही, असे गॅरेजवाल्यांचे म्हणणे आहे. माझा भाऊ म्हणतो की नऊ हजार त्यांच्या हातावर ठेव आणि पोलिसांत तक्रार कर. मी काय करावे?

उत्तर १: वाडीचा कारागीर

ताई, मी बावीस वर्षे याच धंद्यात आहे, म्हणून आधी गाडीबद्दल बोलतो. काटा लाल पट्ट्यात असताना गाडी बुटीबोरीहून मानेवाड्यापर्यंत आली असेल, तर ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उष्णतेने वाकणे आणि त्याखालचे गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारा पातळ थर, जळणे ही अगदी संभवणारी गोष्ट आहे. त्यामुळे हेडचे काम खोटेच असेल, असे धरून भांडायला जाऊ नका. बाबांनाही दोष देऊ नका. उन्हाळ्यात निम्मे लोक हेच करतात.

मात्र हे काम झाले असेल, तर त्याचा पुरावा गॅरेजकडे असलाच पाहिजे. हेड फेसिंगची, म्हणजे वाकलेले हेड घासून सपाट करण्याची, मशीन साध्या गॅरेजमध्ये नसते. हेड बाहेरच्या इंजिनिअरिंग वर्क्समध्ये पाठवावे लागते आणि तिथली चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी मागा. जुने गॅस्केट मागा. जळलेल्या गॅस्केटवर दोन सिलिंडरांच्या मधल्या भागात किंवा पाण्याच्या छिद्राजवळ काळा पट्टा स्पष्ट दिसतो. जुना रेडिएटर आणि जुना पंपही पाहून घ्या. ज्या मिस्त्रीने खरे काम केले आहे, तो जुने सामान दाखवायला कचरत नाही.

दोन ठिकाणी मला हे बिल खटकते. पहिले म्हणजे टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका लयीत फिरवणारा पट्टा. पुष्कळ डिझेल इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणजे पंप बदलायचा तर बेल्ट काढावाच लागतो. तुमच्या गाडीत तशी रचना असेल, तर ही गोष्ट मिस्त्रींना नऊ हजारांचा अंदाज सांगतानाच ठाऊक होती. आठ वर्षांच्या गाडीत बेल्ट काढलाच आहे तर नवा टाकणे शहाणपणाचे असते, मीही तोच सल्ला देतो. पण तो पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता. दुसरे म्हणजे मजुरी. हेड उघडण्यासाठी बेल्टही निघतो आणि पाण्याचे पाइपही सुटतात. मग पंपाची, बेल्टची आणि हेडची मजुरी वेगवेगळी धरून बेरीज केली असेल, तर एकाच कामाचे पैसे दोनदा लागले आहेत. मजुरीची फोड लिहून मागा.

सुट्या भागांचे रिकामे डबेही मागा. डब्यावर भागाचा क्रमांक आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. त्या किमतीत सर्व कर आलेले असतात, तेव्हा तिच्या वर जीएसटी लावता येत नाही आणि तिच्यापेक्षा जास्त रक्कमही घेता येत नाही.

उत्तर २: सिव्हिल लाइन्स

मी ग्राहकांच्या तक्रारी चालवतो. वरील कारागिरांनी सांगितले ते आधी करावे. कायद्याचा भाग थोडा निराळा आहे आणि त्यात आपल्या भावाचा सल्ला आपल्याला अडचणीत आणू शकतो.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, सोपवलेल्या वस्तूवर ज्याने श्रम किंवा कौशल्य खर्च केले आहे, त्याला त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क असतो, आणि हा हक्क गॅरेजलाही लागू होतो. त्यामुळे गाडी अडवून ठेवली एवढ्यावरून चोरीची तक्रार उभी राहत नाही, आणि पोलीस "हा दिवाणी वाद आहे" असे सांगून आपल्याला परत पाठवतील. अर्थात हा हक्क याच कामाच्या योग्य मोबदल्यापुरता आहे. एखादी जुनी उधारी वसूल करण्यासाठी तो वापरता येत नाही. गाडी त्यांच्या ताब्यात असेपर्यंत किलोमीटरच्या आकड्याचे छायाचित्र काढून ठेवा, कारण परवानगीशिवाय ती वापरली गेली तर त्याची जबाबदारी त्यांच्यावर येते.

केवळ नऊ हजार देऊन मोकळे होण्याचा मार्गही तितका भक्कम नाही. काम फुकट करण्याच्या हेतूने केलेले नसेल आणि आपण त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो, असे त्याच कायद्याचे कलम ७० सांगते. येथे वडिलांचा होकार महत्त्वाचा ठरतो. "थोडे जास्त" या शब्दांना दिलेला होकार म्हणजे साडेतीनपट रकमेला दिलेली संमती, असे म्हणता येणार नाही. पण मुळीच होकार नव्हता, असेही आपल्याला म्हणता येणार नाही. फोन कधी आला आणि किती वेळ चालला, याची नोंद वडिलांच्या मोबाइलमधून आजच काढून ठेवा.

माझा सल्ला असा आहे की आधी शिक्क्याचे, सहीचे आणि तपशिलाचे पक्के बिल मागावे. सेवा दिल्यावर बिल न देणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार आहे. गॅरेज जीएसटीखाली नोंदलेले असेल तर बिलावर पंधरा अक्षरी क्रमांक असला पाहिजे, आणि महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. नोंदणी नसेल तर त्यांना कर आकारता येत नाही. त्यानंतरही बोलणी फिसकटली आणि गाडीची निकड असली, तर रक्कम रोखीने न देता यूपीआयने किंवा बँकेतून द्यावी. "अमुक अमुक बाबींवर हरकत नोंदवून, हक्क राखून रक्कम देत आहे" असे बिलावर लिहावे आणि तोच मजकूर व्हॉट्सॲपवरही पाठवावा. असे लिहून दिलेले पैसे परत मागण्याचा मार्ग खुला राहतो. काहीही न लिहिता दिले, तर बिल मान्य होते असा युक्तिवाद समोरून हमखास येतो.

पुढची पायरी म्हणजे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि स्पीड पोस्टने नोटीस. त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

उत्तर ३: खामलेकर

माझेही दोन वर्षांपूर्वी असेच झाले होते; तेव्हा वाद क्लच प्लेटचा होता. मी पहिल्याच दिवशी चारचौघांत आवाज चढवला, त्यामुळे मालकाने हट्ट धरला आणि जुने सामान भंगारात गेल्याचे सांगितले. नंतर आयोगात तारखा घेण्यात माझा बराच काळ गेला. कायद्यात तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हटले असले, तरी प्रत्यक्षात तेवढ्यात होईल असे धरून चालू नका. ताई, सकाळी गर्दी नसताना जा आणि गाडीतले कळणाऱ्या कोणाला तरी सोबत न्या. भावाला नेऊ नका, असे मी स्पष्टच सांगतो.

मानेवाडाकर

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी मी वडिलांनाच सोबत घेऊन गेले. फोनच्या नोंदीत ४१ सेकंदांचे एकच बोलणे आहे. ते मी मालकांना दाखवले आणि एवढ्या वेळात बावीस हजारांच्या वाढीव कामाची कोणती माहिती देता आली असेल, असे शांतपणे विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

जुने गॅस्केट मिळाले आणि त्यावर काळा पट्टा होता. रेडिएटरही खरोखर फुटलेला होता. फेसिंगची चिठ्ठी मात्र १,८०० रुपयांची निघाली आणि गॅस्केटच्या डब्यावर २,१५० छापलेले होते, म्हणजे त्या एकाच ओळीत २,२५० रुपये जास्त लावले होते. बेल्ट किटच्या डब्यांवरच्या किमतींची बेरीज ४,९०० झाली. मजुरीची फोड मागितल्यावर पंपाचे आणि बेल्टचे दोन हजार त्यांनी स्वतःच कमी केले. शेवटी २६,२५० रुपयांचे पक्के बिल झाले आणि हेडच्या कामाची सहा महिन्यांची हमी त्यावर लिहून घेतली. बेल्ट किटची गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली नव्हती, अशी हरकत बिलावर नोंदवून मी पैसे बँकेतून दिले. त्या ४,९०० रुपयांसाठी नोटीस पाठवावी की नाही, हे अजून ठरवलेले नाही.

वाडीचा कारागीर

ताई, चांगले झाले. पहिले काही दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असतानाच, कूलंटची पातळी पाहा. गरम असताना झाकण उघडू नका. पातळी खाली जात असेल, ऑइलचे झाकण काढल्यावर आत दुधासारखा फेस दिसला किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर गाडी तिथेच बंद करा आणि हमीचा कागद घेऊन त्यांच्याकडेच जा.