मेडल आलं तर साहेब, नाही आलं तर हॉटेलच्या दारात. खेळ सुटल्यावर पुढं काय?

मातीतला
गेल्या महिन्यात पुण्यात एका हॉटेलच्या दारात माझा तालमीतला जोडीदार दिसला. काळा टीशर्ट, पाठीवर सिक्युरिटी लिहिलेलं. नॅशनलला दोन मेडल आहेत त्याची. कोल्हापुरात सहा वर्षं एका खोलीत राहिलो, जोर-बैठका, लढत, परत खुराक, झोप, परत लढत, दुसरं आयुष्यच नव्हतं आम्हाला. माझा खांदा लवकर गेला म्हणून मी वडलांच्या दुकानात बसलो आणि वाचलो, त्याचा गुडघा २७ व्या वर्षी गेला. बारावीची परीक्षा आणि कॅम्प एकदम आले होते, सगळेच म्हणाले परीक्षा काय पुढच्या वर्षी देता येते. ते पुढचं वर्ष काय आलं नाही.

आपल्याकडे खेळाडूचं भलं करायचं म्हणजे सरकारी नोकरी, एवढंच आपल्याला सुचतं. राज्यात ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, चांगलंच आहे, पण त्यालासुद्धा त्या पदाचं शिक्षण लागतं आणि परीक्षा द्यावी लागते. बारावीच नाही झालेला पैलवान नुसतं सर्टिफिकेट घेऊन कुठं जाणार? केंद्राची खेळाडू पेन्शन आहे, ऑलिंपिक मेडलवाल्याला महिना २० हजार, पण ती आंतरराष्ट्रीय मेडलवर, नॅशनलवाला त्यात बसत नाही. म्हणजे जो शिखरावर पोचला त्याला सगळं आणि जो दोन हात खाली राहिला त्याला काहीच नाही. खरं काम खेळ चालू असतानाच व्हायला पाहिजे. १४ वर्षाचं पोरगं तुम्ही घरातनं उचलून अकादमीत आणता ना, मग त्याचं शिक्षण ही तुमची जबाबदारी, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला_अभ्यासू
दादा तुमच्या मित्राचं वाचून वाईट वाटलं, पण दुसरी बाजू पण ऐका. मी चार वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतोय, दोनदा स्पर्धा परीक्षेची मेन्स दिली, एकदा थोडक्यात राहिलं. विजय चौधरी २०१४, १५, १६ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, त्यांना थेट डीवायएसपी, म्हणजे पोलिस उपअधीक्षक केलं. त्यांच्या कष्टाबद्दल एक शब्द नाही बोलणार, मी पण टाळ्या वाजवल्यात. पण कायदा, तपास, लोकांची गाऱ्हाणी हे सगळं मॅटवर शिकता येतं का? आमच्याकडून ते सगळं पाठ करून घेता, परीक्षा, मुलाखत, मैदानी, आणि तिकडे थेट नेमणूक. त्यात खेळाडू कोट्यात ट्रॅम्पोलिनच्या बोगस सर्टिफिकेटवर लोक नोकरीला लागले हे पण आपण पाहिलंय, ते ज्यांच्या जागेवर लागले ते खरे खेळाडूच होते ना. बक्षीस द्या, पैसे द्या, घर द्या. पद हे बक्षीस नाहीये.

कृष्णाकाठ
अभ्यासू भाऊ, मी कराडचा. आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. जायला पैसे नव्हते म्हणून राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपल खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि नोकरी? पोलिसात सबइन्स्पेक्टर, ती पण १९५५ ला, तीन वर्षांनी. प्रमोशनसाठी वर्षानुवर्षं थांबले, पेन्शनसाठी झगडावं लागलं, १९८४ ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो गेल्यानंतर. त्यामुळं आज कुणाला मान देऊन पद देत असतील तर मला त्यात अन्याय दिसत नाही, उशिरा आलेली अक्कल दिसते.

आणि मातीतला दादा, नोकरीला कमी लेखू नका. नेमबाज स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत टीसी होता. महिन्याचा पगार घरी येत होता म्हणून तर त्याला इतकी वर्षं रायफल धरता आली, मग २०२४ ला पॅरिसचं ब्राँझ आलं. आमच्यासारख्यांच्या घरात पक्की नोकरी हाच पाया असतोय, बाकीचं समुपदेशन वगैरे पोट भरल्यावर.

स्पष्ट_बोलते
मला एक कळत नाही, खेळाडूंसाठीच वेगळं का? गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगारांना कोणी विचारलं, आता पुढं काय करणार म्हणून? नाटकात वीस वर्षं घालवून रिकाम्या हाताने घरी बसलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. खेळ हा स्वतः निवडलेला रस्ता आहे, त्यात धोका आहे हे आई-बापांना माहीत असतं, तरी जमीन विकून पाठवतात. मी भरतीचं काम करते, मेडल बघून मुलाखतीला बोलावते पण उमेदवाराला साधा मेल लिहिता येत नसेल तर मी काय करू? दया म्हणून घेतलेला माणूस सहा महिन्यात सोडून जातो, मी पाहिलंय. ज्याने त्याने आपली दुसरी सोय आधीच करून ठेवावी.

कबड्डीवाली_ताई
स्पष्ट ताई, रागाने नाही लिहीत, पण १४ व्या वर्षी मी कुठला रस्ता निवडला होता हो? सरांनी पळताना पाहिलं, उचललं, टीममध्ये घातलं. राज्याकडून पाच वर्षं खेळले. सकाळ-संध्याकाळ ग्राउंड, मधे शाळेत डुलक्या, आणि मास्तर पण म्हणायचे झोपू दे, परवा मॅच आहे तिची. हे प्रेमच होतं त्यांचं, पण त्याची किंमत मी भरली. गिरणी कामगारांवर अन्याय झाला तो झालाच, म्हणून हा पण होऊ द्यायचा का?

आणि नुसता पैशाचा प्रश्न नाहीये. खेळ सुटला ना तेव्हा सकाळी पाचला आपोआप जाग यायची आणि उठून करायचं काय तेच कळायचं नाही, भूक तीच, अंग वाढत चाललेलं, घरात लग्नाची घाई, आणि लोक विचारायचे अजून खेळतेस का. मला दोन वर्षं लागली त्यातून बाहेर यायला. नंतर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी केली, आता एका शाळेत तासिका तत्त्वावर आहे. पगार वेळेवर नसतो तरी मुली पळताना बघितल्या की बरं वाटतं. माझ्याबरोबरच्या सातजणींपैकी दोघीच खेळाशी संबंधित काही करतायत.

भरतीवाल्या आहात म्हणून सांगते, मेल लिहायला पंधरा दिवसात शिकता येतं. हरत असताना शेवटच्या रेडला जायची हिंमत पंधरा दिवसात येत नाही.

पेठेतला_अभ्यासू
ताई तुमचा मुद्दा पटला, म्हणजे शाळेचा. शिक्षण सुटू न देणं याला माझा विरोध नाहीच, उलट तेच हवंय. पण थेट क्लास वनवर मी ठाम आहे. ललिता बाबरचं उदाहरण लोक देतात, रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या फायनलमध्ये १० वी, नंतर महसूलमध्ये अधिकारी. माणच्या दुष्काळी भागातली मुलगी, तिला सलाम. पण अशा एका नेमणुकीचा फोटो छापला की सरकारचं काम झालं, तुमच्या त्या सात जणी कोणाला दिसतच नाहीत.

मातीतला
अभ्यासू, हे शेवटचं वाक्य मी लिहायला पाहिजे होतं. थेट पदाच्या मुद्द्यावर आपलं जमणार नाही, मला वाटतं ऑलिंपिक, एशियाडपुरतं ते असावं. कृष्णाकाठ, कुसाळेचं तुमचं बरोबरच आहे, नोकरी आधारच आहे, पण टीसी व्हायला पण निदान दहावी-बारावी लागते हेच तर मी म्हणतोय.

आता कामाचं. केंद्राने २९ ऑगस्ट २०२४ ला, क्रीडा दिनाला, रिसेट नावाची योजना काढलीय, निवृत्त खेळाडूंसाठी. वय २० ते ५०, ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई क्रीडा संस्था चालवते, अभ्यास ऑनलाइन आणि नंतर प्रत्यक्ष ट्रेनिंग. अकरावी आणि त्याखाली शिकलेल्यांसाठी वेगळा गट आहे, म्हणून मला ती बरी वाटली. नॅशनल, राज्य पातळीवाल्यांना पण दार उघडं आहे. पण आमच्या भागातल्या किती तालमीत हे माहीत असेल? मी तीन वस्तादांना विचारलं, तिघांनी पण नाव ऐकलं नव्हतं.

स्पष्ट_बोलते
माझं मत पूर्ण बदललं नाही, सगळ्यांच्या पैशातून कायमची सोय मला अजून पटत नाही. पण ठराविक मुदतीचं ट्रेनिंग असेल तर ते मला चालेल. ताई, त्या हिमतीचं वाक्य डोक्यात राहिलं. आमच्याकडे फिल्डवर, लोकांना रोज नकार ऐकून परत जावं लागतं अशा जागा निघतात, बारावीवर घेतो. मातीतला दादा, तुमच्या मित्राला विचारा.

मातीतला
बारावीच तर नाहीये ओ त्याची. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितलं होतं मी, लाजतोय, म्हणतो ३१ व्या वर्षी पोरांच्यात जाऊन बसू काय.

कबड्डीवाली_ताई
आमच्या शाळेत दरवर्षी बसतात असे, बायका पण असतात चाळिशीच्या. मराठी आणि इतिहासाच्या नोट्स माझ्याकडे आहेत, इंग्रजीचं मी बघते. नंबर मेसेज करा त्याचा.