पणजोबांचं रिव्हॉल्वर कमरेला लावायचं म्हणे!

मांडवीकाठ: जुनं रिव्हॉल्वर हा वारसा आहे. परवाना असला तर उघडं कमरेला लावायला हरकत काय? शिसवी मूठ, नळीला निकेल, चाप जरा हलका करून घेतला की काम झालं. पिस्तुलासारखं अडकायची भानगड नाही.

सत्तरीकर: सकाळी हे वाचलं तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून लांब लिहितो. उघडं लावायचं विसर, 2016 च्या शस्त्र नियमांत होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकून न्यायचं आहे. आणि चाप हलका करणं म्हणजे बुलेट मोटरसायकलचा सायलेन्सर बदलणं नव्हे रे. आत घोडा जिथे अडकतो ती खाच केसभर जास्त घासली तर नुसत्या धक्क्याने बार उडतो. जुन्या कोल्ट रिव्हॉल्वरवाले सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्याच्या, सहा घरांत पाचच काडतुसं भरायचे, घोड्याखालचं घर रिकामं, ते काय काडतुसं महाग होती म्हणून? अमेरिकेत वेब्ली मार्क सिक्स या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्वरचं सिलिंडर मागून घासून त्यात .45 एसीपी ही पिस्तुलाची काडतुसं घालायचे, त्या काडतुसाचा दाब त्या जुन्या पोलादाला जास्त होतो. कर हौस.

मांडवीकाठ: तू कधी हातात धरलंयस की नुसतं वाचलंयस? आमच्याकडे पणजोबांचं आबादी बनावटीचं रिव्हॉल्वर आहे, पोर्तुगीज फौजेचं 1886 चं मॉडेल. काडतुसं भरायचं झाकण उघडलं की घोडा सुटा होतो, चाप ओढला तरी नुसतं सिलिंडर फिरतं. सुरक्षा आम्हाला शिकवू नका.

निवृत्तकारकून: शाब्बास, घरात काय आहे ते जाहीर केलंस. परवान्यावर चढवलंय का? शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमातली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुनाट हत्याराला आहे. तू चाप नीट करून घे, मग वारसा ठाण्यात बघायला जा.

काजूवाली: तुमची निकेलची हौस राहू दे बाजूला. आमची शेतराखणीची बंदूक निवडणूक आली की ठाण्यात जमा. गोव्यात 2022 ला मतदान फेब्रुवारीत, 2024 ला मे महिन्यात, दोन्ही वेळा ऐन काजूत. माकडांना आचारसंहिता कोण लावणार? मामंजींनी बंदूक परत आणली तर नळीत गंज, दस्त्याला चीर, आणि सही घेतलेल्या कागदावर 'सुस्थितीत'.

मिरामारचा: शेतराखणीच्या नावावर डुकराचं मटण कोण खातं तेही लिहा ना वहिनी.

काजूवाली: ये घरी, टोप उघडून बघ. येताना शंभर नारळ घेऊन ये, माकडांनी कोवळे असतानाच पाडलेत तेवढे.

निवृत्तकारकून: वहिनींचं बरोबर आहे. सरसकट जमा करून घेऊ नका, माणूस बघून ठरवा, कोणाची बंदूक जमा करायची ते ठरवायलाच तर छाननी समिती असते. पण एकेक फाईल वाचायला वेळ कोणाला आहे? मी त्याच खुर्चीत बसलोय, सरसकट नोटीस काढणं सोपं पडतं.

मिरामारचा: म्हणजे कबूल केलंत की!

निवृत्तकारकून: केलं. पेन्शन बंद करतोस?

सत्तरीकर: बंदूक नीट ठेवणं हा मुद्दा होता, तुम्ही कुठे पोचलात. माझ्या काकांच्या ठासणीच्या बंदुकीचा घोडा असाच ढिला होता, फणसाला टेकवून विडी पेटवत होते, बंदूक घसरली आणि डाव्या पायाची दोन बोटं गेली. अजून चप्पल निसटते त्यांची.

मांडवीकाठ: बरं बाबा, चापाला हात लावत नाही, तुम्ही सगळे हुशार. मूठ तरी पुसू का, की तिलाही कलम आहे?

सत्तरीकर: मुठीला खोबरेल लाव. आधी सिलिंडर रिकामं आहे का बघ.